आवाजाची फाईल

फाईल पोचली होती, आवाज पोचला नव्हता. दुपारचा फोन आला आणि टेबलावरच्या स्पीकरमधून नुसती खरखर सुरू झाली, पत्र्यावर खडे ओतावेत तशी.

ऑफिसात तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणत. जुन्या मेनफ्रेम संगणकातल्या फाईली नव्या युनिक्स संगणकावर पोचवायच्या, हे तिचं काम. दोन्ही यंत्रांची लिपी निराळी. मजकुराची फाईल वाटेत भाषांतर करून न्यायची. आवाजाची मात्र जशीच्या तशी, नाहीतर तिची माती झालीच म्हणून समजा. नव्या लोकांना हे शिकवताना तिचा घसा कोरडा पडे. आणि आज सकाळी मजकुराच्या फाईली पाठवता पाठवता, त्याच ओघात, तिनं नवऱ्याचा आवाजही भाषांतराला लावला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

नवरा याच ऑफिसातला. तो गेला, पण ऑफिसच्या फोनवरचा निरोप त्याच्याच आवाजात राहिला: "आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. थोडं थांबा." रोज दुपारी सासूबाई घरून ऑफिसचा नंबर लावत, लेकाचं बोलणं होईपर्यंत थांबत आणि ठेवून देत. तेवढा वेळ, येणारे फोन तपासायला तिच्या टेबलावर ठेवलेल्या स्पीकरवर, तो तिलाही ऐकू येई. स्वतःहून त्या निरोपाची फाईल लावायचा धीर तिला कधी झाला नव्हता. एकदा जेवताना सासूबाईंपाशी ती हे सगळं बोलली होती, आणि मग दोघीही ताटं तशीच टाकून उठल्या होत्या.

आजही तेच नडलं. बाकी प्रत्येक फाईल तिनं उघडून पाहिली होती. हीच तेवढी सोडली.

फोन मधेच तुटला नाही. सासूबाईंनी खरखर शेवटपर्यंत ऐकली. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून थांबल्या असतील बिचाऱ्या.

ती धावत खालच्या खोलीत गेली.

"जुन्या डिस्क?"

"सकाळीच पुसल्या," तंत्रज्ञ म्हणाला. "फाईली पोचल्या असं तुम्हीच कळवलंत ना, ताई?"

"राखीव टेप?"

"त्याही," तो म्हणाला. भाषांतरात एकात एक मिसळलेलं परत वेगळं करता येत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी घराकडे पाय उचलत नव्हता. सासूबाई हल्ली खिडकीतच बसत. ती फाटकातून आत आली की बेल वाजायच्या आधीच दार उघडत. टीव्हीवर बातम्या लागलेल्या, आवाज बंद. "त्यांची तोंडं बघितली की कळतं काय ते," असं त्यांचं म्हणणं.

"आई, आजचा फोन..." चपला काढता काढता ती खाली मान घालून म्हणाली.

"तोंड वर करून बोल गं. सदानकदा पुटपुटत असतेस."

तिनं मान वर केली. "आजचा फोन. माझ्या हातून..."

"लावला की. अगदी स्पष्ट होता आज. 'थोडं थांबा' म्हणाला आणि मला भरूनच आलं."

सासूबाई चहा टाकायला ओट्याकडे वळल्या. त्यांच्या पाठीमागे उभं राहून तिनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. मग स्टीलचा डबा फरशीवर टाकला. सासूबाई शांतपणे आलं किसत होत्या.

ती समोर जाऊन उभी राहिली. "आई, कधीपासून?"

सासूबाईंनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग फरशीवरच्या डब्याकडे. किसणी खाली ठेवली.

"गेल्या हिवाळ्यापासून. ऐकू येणं एकदम पार गेलं. तुला आणखी कुठे घोर लावायचा?"

"मग रोज फोन कशाला लावता?"

"स्वतःहून लावायचा तुला धीर होत नाही, तूच म्हणाली होतीस ना?" पदरानं हात पुसत त्या जवळ आल्या, तिच्या तोंडाकडे नीट बघत. "आज ऐकलास ना तू?"