बॉनेटखालची पोकळी

वडिलांच्या माघारी त्यांच्या गाडीचे इंजिन धाकट्याने परस्पर भंगारवाल्याला विकले, तेव्हापासून थोरल्या मिस्त्रीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. परक्या हातांनी ते ओरबाडू नये, एवढ्याचसाठी तो स्वतः ते उतरवीत होता. त्याने बॅटरी सोडवली, तेल काढले, पुढच्या दोन्ही चाकांचे ॲक्सल ओढून बाजूस ठेवले आणि गिअरबॉक्ससकट इंजिन साखळीने वर उचलून घेतले.

तरीही बॉनेटखालच्या रिकाम्या जागेतून इंजिनाची संथ घरघर ऐकू येऊ लागली.

"दादा, बंद कर की ते!"

"काय बंद करू? तुझं थोबाड?"

साखळीला लटकलेले इंजिन थंडगार होते.

"पोकळीला कसला आलाय आवाज!" असे म्हणून धाकटा हसला आणि त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला. मग त्याचे हसू मावळले.

"दादा, इथे काहीतरी फिरतंय. गरम आहे रे."

'हात काढ' एवढे दोनच शब्द थोरल्याने उच्चारायचे होते. परंतु संतापाने त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. आणि गाडीत कोणीही बसलेले नसताना ॲक्सिलरेटर सावकाश खाली दाबला जात होता.