तगरीचा चोर

"काकू, हा कॅमेरा बघा. चोर आला की सायरन वाजवतो," दुकानदार म्हणाला.

इंदुमतीबाईंनी डोळे मिटले. पहाटेचं धुकं. कुंपणावरून आत आलेली आकडीची काठी, वाकलेली तगरीची फांदी. सायरन वाजला आणि पिशवीतली फुलं रस्ताभर सांडली.

"नको. दुसरा?"

"हा झगझगीत उजेड पाडतो."

उजेडात माकडटोपी दिसली. डोळ्यांवर आडवा धरलेला सुरकुतलेला हात दिसला.

"हाही नको."

"काकू, चोर पकडायचाय की पाहुणा बोलवायचाय?"

त्या हसल्या. यजमान गेल्यापासून, देवासाठी फुलं चोरायला येणाऱ्या त्या माणसाखेरीज घराशी रोज न चुकता येणारं कुणी उरलं नव्हतं. पानं सळसळली की त्यांना जाग यायची, आणि पावलं दूर जाईपर्यंत त्या ऐकत पडून राहायच्या. कॅमेऱ्याचा धोशा मुलीचा होता.

दुकानदाराने तिसरा डबा उघडला. "यातून बोलता येतं. बसवायला वायरमन नको, दोन स्क्रू आणि घरचं वायफाय बास. हा मोबाइल घ्या. चोर समोर आहे असं समजून ओरडा बघू."

काउंटरवरच्या कॅमेऱ्यात निळा दिवा लुकलुकला. दुकान हळूहळू धूसर होत गेलं. धुक्यात फक्त फांदी हलत राहिली. इंदुमतीबाईंनी घसा साफ केला.

"अहो," कॅमेऱ्यातून त्यांचाच आवाज आला, "वरच्या फांदीला जास्त आहेत. आणि पूजा आटोपली की चहाला या."