झिंगूचा जोर

धनुर्वाताने कमानीसारखा ताठलेला लाकूडतोड्या झिंगू चांद्याच्या दवाखान्यात आला, तेव्हा डॉक्टर देवपुजारींनी त्याला स्नायू सैल करणारं नवं औषध टोचलं. पाच मिनिटांत त्याचं अंग ओल्या धोतरासारखं पडलं. सिस्टर रबरी पिशवी दाबून त्याला श्वास देऊ लागली.

रिकामी काचेची पिचकारी डाव्या हातात तशीच धरून डॉक्टरांनी उजव्या हाताने झिंगूच्या मनगटाला तारांनी जोडलेल्या बॅटरीचं बटण दाबलं. मनगटात विजेचा झटका गेला, पण अंगठ्याला बांधलेला, जोर मोजणारा स्प्रिंगचा काटा शून्यावरच राहिला.

"बघा, वीज नसेतून जाते, पण स्नायू तिचं ऐकत नाही," ते खुशीत म्हणाले.

दाराशी झिंगूची बायको सुकरी उभी होती. "मंग त्याच्या अंगातला जोर गेला कुठी, डाक्टरसायेब?"

"जातो कुठे? तासाभरात परत येईल." हसत त्यांनी दुसरा झटका दिला. काटा हलला नाही. त्यांची डावी मूठ मात्र गच्च आवळली.

खात्रीसाठी त्यांनी तिसरा दिला, आणि मुठीत काच फुटली. डॉक्टर बोटं सोडवू लागले, सुटेनात.

सिस्टर ओरडली. सुकरी त्या मुठीकडे निरखून बघत राहिली, मग ओळखीचं हसली.

"कुऱ्हाड अशीच धरते तो."