चिमट्याआधीचा अंधार

टीव्हीचा पडदा काळा झाला तेव्हा इंजिनिअर श्ये यांनी चिमटा अजून टेकवलासुद्धा नव्हता.

ओसाकाहून आलेले मोरिसाकी हाताची घडी घालून बघत होते. पडद्यांचे मोठे खरेदीदार. हसण्याची सवय नसावी. पडद्यामागच्या दिव्यांच्या माळेत कुठे शॉर्ट झालं, तर श्ये यांचं सर्किट पापणी लवायच्या आत वीज तोडतं, हे चिमट्याने मुद्दाम शॉर्ट करून त्यांना दाखवायचं होतं. शिनचू शहरातल्या त्या लहानशा कारखान्याची वर्षभराची ऑर्डर चिमट्याच्या टोकावर होती.

श्ये यांनी पुन्हा बटण दाबलं. उजेड आला, गेला. तिसऱ्यांदाही तेच.

मालक दू त्यांच्या कानाशी लागले. "श्ये, ते संरक्षण तेवढं बंद कर. आधी उजेड तर पडू दे."

"मग दाखवू काय, मालक?"

"उजेड."

"आठ महिने त्याला शिकवतोय, खोट दिसली की थांब म्हणून. आज थांबलंय, तर चारचौघांत त्यालाच गप्प बसवू?"

श्ये यांनी मागचं झाकण काढलं. आत, सर्किटला खेटून, खाऊचं हिरवं पाकीट कोंबलेलं. शिनचूत यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर असा खाऊ ठेवतात. पाकीट हिरवंच लागतं, आणि मुदत न संपलेलं. पिवळ्याने यंत्र रुसतं, असं उच्चशिक्षित माणसं सांगतात. पण हे पाकीट स्क्रूला अडकून फाटलं होतं, आणि आतला चंदेरी पदर थेट तारांच्या झाळलेल्या जोडांवर पसरला होता. दिव्यांची वीज तिथूनच पळवाट काढत होती.

"हे आत कोणी घातलं?" श्ये यांनी विचारलं.

सगळे छताकडे बघू लागले. मालक जरा जास्तच वेळ.

"वर ठेवलेलं बरं दिसत नव्हतं," शेवटी मालकच म्हणाले. "परदेशी पाहुणे येणार होते. म्हणतील, काय अडाणी लोक आहेत."

मोरिसाकींनी पाकीट उचललं. उलटून त्यावरची तारीख वाचली.

"मुदत संपलेली नाही," ते म्हणाले. मग श्ये यांच्याकडे वळले. "चिमटा कुठे लावायचा हे तुम्ही ठरवलं होतं. हा शॉर्ट तर कोणीच ठरवला नव्हता. तरी सर्किटने पकडला." आणि त्यांनी ऑर्डरचे कागद पुढे ओढून सही केली.

मालक त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले. बूट चढवता चढवता मोरिसाकी हळूच म्हणाले, "आम्ही यंत्रावर देवळातला ताईत ठेवतो. कापडी असतो. शॉर्ट होत नाही."