शेजारची लेन

क्लबाच्या बैठकीत गॅरेजवाले काका हट्टालाच पेटले होते. सरळ रस्त्यावर दोन-दोन गाड्या पळवायच्या ड्रॅग रेसमध्ये त्यांचा गट फक्त जुन्या, दणकट इंजिनांसाठी राखीव होता. तरुण मुलांनी तसली इंजिनं आणायची कुठून? काकांना रोजच्या वापरातल्या लहान गाड्याही गटात घ्यायच्या होत्या, तेही त्यांना काही सेकंद आधी सोडून.

"अरे, स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घेतोस?" अध्यक्ष म्हणाले. "तीन वर्षं विजेत्याची ढाल तुझ्याच घरात आहे."

"शेजारची लेन रिकामी असली की नुसती रेघ ओलांडली तरी ढाल मिळते. तीन वर्षं मी जिंकलो नाही दादा, नुसता पोचलो."

मग एकेक करत सगळे हात वर गेले.

नव्या हंगामात अकरा तरुण नावं आली. पहिल्याच फेरीत काकांच्या शेजारी बावीस वर्षांची एक नर्स उभी राहिली, रोज ड्यूटीवर न्यायची गाडी घेऊन. आधी तिचा दिवा हिरवा झाला, मग काकांचा. काकांनी जिवाच्या आकांताने गाडी दामटली, तरी अर्ध्या गाडीने मागे राहिले.

घरी त्यांचा फुललेला चेहरा पाहून बायकोने विचारलं, "जिंकलात वाटतं?"

"हरलो गं, चक्क हरलो!" बाह्या सरसावत काका म्हणाले. "जेवण नंतर वाढ, आधी इंजिन उघडतो. पुढच्या रविवारी त्या नर्स पोरीला गाठायचंय."