तोंडावरचा पदर

बयाबाई काही केल्या तोंडावरचा पदर काढेना.

समोर संगणक. त्याच्या डोक्यावर डोळ्याएवढा कॅमेरा. पडद्यावर तिचा लेक नीलेश, बहरीनला वेल्डिंग करणारा. मागच्या खुर्च्यांवर दिल्लीहून आलेले साहेब, पोटभर जेवून बसलेले. महाडच्या त्या सभागृहात पंखे गरगरत होते, तरी प्राध्यापक निशिगंधेला घाम फुटला होता.

बारा वर्षं तिने एकच लिहिलं होतं. गाव सोडून गेलेल्या माणसाला तंत्रज्ञानाने घराशी जोडा. तो परत येतो, कसब घेऊन येतो, गावात धंदा उभा करतो. या एका वाक्यावर ती पोलादपूरजवळच्या कापडे गावातून दिल्लीला पोचली, परदेशात भाषणं ठोकून आली. आज साहेबांनी मान डोलावली की तालुक्यातालुक्यात असे संगणक बसणार होते आणि धोरण ठरवणाऱ्या समितीत तिची खुर्ची पक्की होत होती. वाक्य खरं की खोटं, हे कापड्यात जाऊन कुणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही. कापड्याला तिची आई होती. पण दर रविवारी फोन होतोच, म्हणून याही खेपेला तिची गाडी महाडातूनच मागे फिरणार होती.

"लाजतेय म्हातारी," एक साहेब म्हणाला.

"लाजतेय कसली, यंत्राला भ्यालीय," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

डोंगरावरच्या वाडीत एकटीने म्हशी राखणारी, बिबट्यावर काठी उगारणारी बाई. ती काचेच्या डबड्याला भिणार? पण हा विचार त्या खुर्च्यांत कुणाला शिवला नाही. निशिगंधेलाही नाही. नीलेश चार शिमगे घरी फिरकला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तरी तो पोलादपूरला गॅरेज काढणार, असं ती साहेबांना सांगून बसली होती.

"आये, पदर काढ गो," नीलेश पडद्यावरून म्हणाला. "यंदा पण रजेचं काय खरं नाय. तोंड तरी बघू दे तुझं. जिवाला बरं वाटंल."

पदर जागचा हलला नाही.

साहेबांनी घड्याळं बघितली. निशिगंधा वाकून कुजबुजली, "मावशी, सगळे थांबलेत. लेकाला तोंड दाखवा. एवढ्यासाठी तर हे सगळं मांडलंय." आणि तिने स्वतःच पदराला हात घातला.

बयाबाईने तो हात धरला. ओढाळ म्हशीचं दावं धरावं, तसा.

"ऱ्हाऊ दे, बाय," ती म्हणाली, आणि बहरीनपर्यंत जाईल असा आवाज चढवला. "हितंच तोंड बघितलान, मंग शिमग्याला घरी कशाला येल त्यो?"