बुकपोस्ट

रतनच्या लग्नाला चार दिवस उरले असताना ते पाकीट परत आले.

पोस्टमास्तर विष्णुपंतांनी ते टपालाच्या पिशवीतून काढले आणि उजेडात धरले. आत रतनची लग्नपत्रिका होती. पत्ता नगरच्या कॉलेजात शिकणाऱ्या कानिफनाथचा. पत्त्यावर तांबडी रेघ आणि शेरा, ‘घेण्यास नकार’. पत्त्याचे अक्षर मात्र त्यांच्याच मुलीचे, सुमेधाचे होते. गावातल्या सगळ्या पत्रिकांवर तीच पत्ते घालून देई.

“सुमे, रतनला बोलावून आण,” ते म्हणाले. “आणि ती आली की तूही इथंच थांब.”

सुमेधा उठली. दोनशे पत्रिकांच्या गठ्ठ्यात ती एक जादा पत्रिका तिनेच सरकवली होती. साधे पत्र टाकले असते तर वडिलांच्या नजरेत भरले असते. पत्रिका बुकपोस्टाने जात. छापील मजकूर म्हणून दर कमी, पण पाकीट चिकटवायचे नाही आणि आत पत्र घालायचे नाही. रतनने घातले होते. ‘रविवारपर्यंत ये आणि तात्यांशी बोल. तू आलास तर मी मांडवात उभी राहणार नाही.’ नगरच्या तपासणीत ते सापडले. तरी पत्र कोणी अडवले नव्हते. दुप्पट आकार लावून पुढे धाडले होते. एका चहाचे पैसे देऊन कानिफने ते सोडवून घ्यायचे होते.

रविवार होऊन दोन दिवस झाले होते.

रतन आली ती शेवयांच्या पाटावरून उठून. हाताला पीठ तसेच होते.

“नियमानं हे पाठवणाऱ्याला परत द्यायचं,” विष्णुपंत म्हणाले. “म्हणजे तुझ्या तात्यांना.”

रतन खांबाला टेकली.

“दुप्पट आकार मी भरलाय. घरच्या माणसाच्या हाती दिलं तरी चालतं. घे.”

तिने पाकीट घेतले. शेरा वाचला, पुन्हा वाचला. आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

“म्हंजी त्याला मिळालंच न्हाई,” ती सुमेधाला म्हणाली. “मी दोन दिस नुसती त्याच्या नावानं बोटं मोडतीय. खिशात सुट्टे नसतील गं त्याच्या. मेसवाल्याचीबी उधारी असती. वाचलं असतं तर पळत आला असता.”

“रतन, अगं...”

“दुपारची एसटी हाय. मी जाते नगरला. घरी सांग, बांगड्या भरायला गेलीय म्हनावं. मास्तर, तुमी मला बघितलं न्हाई.”

ती पायरी उतरू लागली. तात्यांनी सोयरिकीला दिलेला शब्द, मांडवाचे वासे, आलेले पाहुणे, सगळे मागे टाकून ती निघाली होती.

“थांब, बाळ,” विष्णुपंत म्हणाले. “बुकपोस्ट उघडंच असतं. वाचायला पैसे पडत नाहीत.”

रतन वळली. त्यांनी तिच्या हातातले पाकीट हळूच उलटे केले. मागच्या बाजूला पोस्टमनने पेन्सिलीने लिहिले होते, ‘दारात उभे राहून दोनदा वाचले. मग नको म्हणाले.’